आयोगाच्या आधी मसुदा कोण लिहितं? – युरोपातल्या स्वतंत्र कायदा-संशोधन संस्था

तळटीप (धागाकर्ता)

युरोपियन युनियनचा एखादा कायदा झाला की बातमीत तिघांची नावं येतात: प्रस्ताव मांडणारा युरोपीय आयोग, आणि तो मंजूर करणारी संसद व मंत्रिपरिषद. त्यातली कलमं आधी कुठे लिहिली गेली, कोणत्या देशाच्या कायद्याशी ताडून पाहिली गेली, हे बातमीत येत नाही. हा धागा त्या कामाबद्दल.

माझं म्हणणं आधीच मांडतो. अशा संस्थेची किंमत तिने दिलेल्या मतावरून ठरत नाही. मत सगळेच देतात. उद्योगसंघटना, ग्राहकसंघटना, वकिलांचे संघ. संस्थेची किंमत दोन गोष्टींवर ठरते. आयोगातल्या अधिकाऱ्याला उद्या उचलून वापरता येईल असं कलम तिच्याकडे लिहून तयार आहे का? आणि त्या कलमाखाली निरनिराळ्या देशांत आज काय चालतं, कोर्टं काय म्हणतात, याचा हिशेब मांडलेला आहे का?

व्हिएन्नाची युरोपियन लॉ इन्स्टिट्यूट घ्या. २०११ साली पॅरिसमध्ये स्थापना, बेल्जियमच्या कायद्याखाली ना-नफा संघटना म्हणून नोंदणी, सचिवालय व्हिएन्ना विद्यापीठात. डोळ्यांसमोर नमुना होता १९२३ सालच्या अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटचा. पहिले अध्यक्ष सर फ्रान्सिस जेकब्स, जे आधी लक्झेंबर्गच्या न्यायालयात, म्हणजे युनियनच्या न्यायालयात, अॅडव्होकेट जनरल (न्यायाधीशांना निकालाआधी स्वतंत्र मत देणारे अधिकारी) होते. सभासदांत न्यायाधीश, वकील, नोटरी, प्राध्यापक असे सगळे.

काम असं चालतं. प्रकल्पाचा प्रस्ताव संस्थेच्या परिषदेसमोर जातो. मंजूर झाला की एक किंवा अधिक रिपोर्टर नेमतात. मसुद्याची जबाबदारी त्यांची. त्यांच्या जोडीला एक सल्लागार समिती, आणि सभासदांची एक वेगळी समिती, जिच्यात कोणाही सभासदाला नाव नोंदवता येतं. मसुदा या दोन्हीकडे फिरतो, शेरे घेऊन परत येतो, पुन्हा लिहिला जातो. शेवटी परिषदेचं मतदान आणि मग सभासदांचं. त्याशिवाय कागदावर संस्थेचं नाव लागत नाही. सभासदाने आपला अशील, पक्ष, सरकार दाराबाहेर ठेवून स्वतःला पटेल तसंच मत द्यायचं, ही अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे.

वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. रोमच्या युनिड्रॉइटबरोबर (देशोदेशींचे खाजगी कायदे जुळवणारी आंतरसरकारी संस्था) केलेले दिवाणी प्रक्रियेचे आदर्श नियम २०१४ च्या सुमारास हाती घेतले, मंजूर झाले २०२० मध्ये. २४५ नियम. समन्स बजावणी, पुरावा, अंतरिम आदेश, अपील, खर्च, प्रत्येकासाठी वेगळा गट. नंतर सगळ्यांची भाषा एकसारखी करण्याचं काम निराळंच.

नदीकाठ

चांगला विषय. पण ‘लिहून तयार कलम’ म्हणजे नेमकं कसं दिसतं? एक उदाहरण उलगडून दाखवाल का? कायद्याच्या बाहेरच्या माणसाला अहवाल आणि मसुदा यांतला फरक पटकन कळत नाही.

अनुबंध

मी दाखवतो. व्हिएन्नाची संस्था जन्माला येण्याच्या बऱ्याच आधीचं उदाहरण घेतो, कारण त्याचा पुढचा प्रवास पूर्ण झालेला आहे.

डॅनिश प्राध्यापक ओले लांडो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक मंडळ चालवलं. नाव ‘आयोग’, पण सरकारी आयोगाशी संबंध नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यासक, कोणीही आपल्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून बसलेला नाही. त्यांनी युरोपीय करार कायद्याची तत्त्वं लिहिली: पहिला भाग १९९५, पहिला-दुसरा एकत्र २०००, तिसरा २००३.

त्यातलं ६:१११ हे कलम परिस्थिती पालटण्याबद्दल आहे. रचना बघा.

पहिलं उपकलम: पूर्तता महाग पडू लागली तरी करार पाळायचाच. हा पाया.

दुसरं: पण पूर्तता कमालीची जड झाली, तर दोन्ही पक्षांनी करार बदलण्यासाठी किंवा संपवण्यासाठी बोलणी करायला बसलंच पाहिजे. अटी तीन. बदल करारानंतर घडलेला हवा. करार करताना तो वाजवीपणे ध्यानात घेता येण्यासारखा नसावा. आणि करारानुसार तो धोका त्याच पक्षाच्या अंगावर टाकलेला नसावा.

तिसरं: वाजवी मुदतीत जमलं नाही तर न्यायालय करार संपवू शकतं किंवा नफा-तोटा न्याय्य वाटून करार बदलू शकतं. बोलणी करायला बदहेतूने नकार दिला किंवा ती बदहेतूने मोडली, तर त्याची भरपाई वेगळी.

कलमाखाली स्पष्टीकरण असतं: प्रत्येक अट का घातली, छोटी उदाहरणं, कुठल्या प्रसंगी कलम लागू होणार नाही. त्याखाली देशवार टिपा: जर्मनीत काय, इटलीत काय, इंग्लंडमध्ये हे तत्त्व का मानत नाहीत. नियम, स्पष्टीकरण, टिपा अशी ही तीन मजल्यांची रचना. ‘परिस्थिती बदलल्यास न्यायालयांना लवचीकता असावी’ असं साधा अहवाल म्हणतो आणि थांबतो. वरच्या तीन अटी लिहायला घेतल्या की खरे मतभेद बाहेर येतात.

आता पुढचा प्रवास. फ्रान्समध्ये हे तत्त्व दिवाणी न्यायालयांनी नाकारलेलं होतं. ६ मार्च १८७६ चा क्रापोन कालव्याचा निकाल प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात ठरलेली पाणीपट्टी तीनशे वर्षांनी कालव्याच्या देखभालीलाही पुरेना. एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराच्या अपील न्यायालयाने दर वाढवून दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: काळ कितीही लोटो, न्यायाधीशाने कराराला हात लावायचा नाही. हे १४० वर्षं टिकलं. १० फेब्रुवारी २०१६ च्या अध्यादेशाने फ्रेंच नागरी संहितेत कलम ११९५ आलं आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालं. राष्ट्राध्यक्षांना सादर झालेल्या सोबतच्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की हे तत्त्व न मानणाऱ्या युरोपातल्या शेवटच्या देशांपैकी फ्रान्स एक आहे.

फ्रेंचांनी कलम जसंच्या तसं उचललं नाही. त्यांनी बोलणी चालू असताना पूर्तता थांबवायची नाही अशी अट घातली, आणि करार एकत्र जाऊन न्यायालयाकडून बदलून घेण्याची एक मधली पायरी ठेवली. मला हेच महत्त्वाचं वाटतं. तयार कलम समोर होतं, म्हणून वाद ‘हवं की नको’ यावर न अडकता ‘कुठल्या अटींवर’ इथपर्यंत पोचला.

कलम५६

अनुबंध, भारताशी तुलना करण्याजोगं आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, पण ते पूर्तता अशक्य होण्याबद्दल. महाग होणं त्यात बसत नाही. सैन्यासाठी तूप खरेदी करून देणाऱ्या एजंटांनी युद्धामुळे वाढलेल्या खर्चाचा जादा मोबदला मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो नाकारला. परिस्थिती बदलली एवढ्याने करार सुटत नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. ६:१११ च्या दुसऱ्या उपकलमासारखी बोलणी करण्याची सक्ती आपल्याकडे कायद्यात नाही, म्हणून बांधकामाच्या आणि पुरवठ्याच्या करारांत भाववाढीचं कलम आधीच लिहून घ्यावं लागतं.

सीमापार

फ्रान्सची गोष्ट खरी, पण नाण्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. कलम लिहून तयार असणं पुरेसं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा त्याच कामाच्या पुढच्या पिढीत आहे.

लांडोंच्या पाठोपाठ जर्मन प्राध्यापक ख्रिश्चन फॉन बार यांचा अभ्यासगट आला. करारापुरतं न थांबता नुकसानभरपाई, अनुचित लाभ, जंगम मालमत्ता, विश्वस्त निधी, सगळं घेतलं. आयोगाच्या संशोधन कार्यक्रमातून पैसा मिळाला. २००९ मध्ये ‘सामायिक संदर्भ चौकटीचा मसुदा’ निघाला: दहा पुस्तकं, आणि टिपांसह पूर्ण आवृत्तीचे सहा खंड.

त्यावर आयोगाने एप्रिल २०१० मध्ये तज्ज्ञगट नेमला. त्याने साधारण वर्षभरात, मे २०११ मध्ये, विक्रीच्या करारापुरता संक्षेप तयार केला, आणि ११ ऑक्टोबर २०११ ला समान युरोपीय विक्री कायद्याचा प्रस्ताव आला. एक रेग्युलेशन (सदस्य देशांत थेट लागू होणारा युनियनचा कायदा) आणि त्याला जोडलेली १८६ कलमं. कल्पना अशी की विक्रेता आणि ग्राहक दोघांनी पसंत केलं तर देशाच्या कायद्याऐवजी हा संच लागू होईल.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये, पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात, आयोगाने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. का बारगळला?

पहिलं कारण घाईचं. वीस-पंचवीस वर्षांचं काम वर्षभरात आवळलं. ‘वाजवी’ हा शब्द जागोजागी. कोणत्या न्यायालयाने त्याचा काय अर्थ लावायचा हे मोघम. ही टीका बाहेरच्यांनी नंतर शोधून काढलेली नाही. हॅम्बर्गच्या माक्स प्लांक या कायदा-संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक राइनहार्ड झिमरमान आणि त्यांचे सहकारी २००८ पासून मूळ मसुद्याबद्दल हेच सांगत होते: मोघम कलमांमुळे फार मोठे निर्णय न्यायाधीशांवर ढकलले जातात.

दुसरं कारण रोम-१ रेग्युलेशनचं कलम ६. कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू हे ते रेग्युलेशन ठरवतं. ग्राहकाला त्याच्या राहत्या देशातलं सक्तीचं संरक्षण करारातल्या निवडीमुळे गमावता येत नाही. ते ओलांडण्यासाठी आयोगाने युक्ती केली की हा संच प्रत्येक देशाच्या कायद्यातलाच ‘दुसरा पर्याय’ मानायचा. कागदावर ते बसतं. पण सामान्य दुकानदाराला हे समजावणार कोण? आणि ज्या देशांत ग्राहकाला जास्त हक्क आहेत तिथल्या सरकारांनी ते कबूल का करावं?

तिसरं कारण आवाक्याचं. व्हिएन्नाच्या संस्थेने २०१२ च्या निवेदनात सुचवलं होतं की आधी दूरस्थ विक्रीपुरतं मर्यादित ठेवा. संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये जवळपास तीच दिशा धरली. तोवर मंत्रिपरिषदेतला विरोध घट्ट झाला होता.

शेवटी २० मे २०१९ ला दोन छोटे डायरेक्टिव्ह (प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचे युनियनचे कायदे) आले: २०१९/७७० डिजिटल मजकूर आणि सेवांसाठी, २०१९/७७१ वस्तूंच्या विक्रीसाठी. पर्यायी संच गेला. दोष असेल तर दुरुस्ती, बदली, किंमत कपात, करारमुक्ती, एवढा गाभा राहिला. सहा खंडांतून उरलं ते इतकंच, असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, जे उरलं ते सहा खंडांमुळेच इतक्या नेटक्या भाषेत उरलं.

तळटीप (धागाकर्ता)

सीमापार, तुमचा तिसरा मुद्दा वेळापत्रकाचा आहे, आणि तिथेच संस्थांचं काम सर्वाधिक वाया जातं. पायऱ्या मांडतो.

आयोग एखादा विषय हाती घेतो तेव्हा आधी ‘पुराव्यासाठी आवाहन’ काढतो: मुदत ४ आठवडे. मग सार्वजनिक सल्लामसलत: १२ आठवडे. मग परिणाम-मूल्यमापन, ते नियमन छाननी मंडळापुढे जातं. मग प्रस्ताव. त्यानंतर अभिप्रायासाठी पुन्हा ८ आठवडे. देशोदेशीच्या संसदांनाही हरकतीसाठी ८ आठवडे. पुढे संसदेच्या समितीत रिपोर्टर (त्या प्रस्तावाची जबाबदारी दिलेला खासदार), दुरुस्त्या, तिघांची बंद दाराआडची बैठक, आणि शेवटी वकील-भाषातज्ज्ञ २४ भाषांत मजकूर जुळवतात.

चार किंवा आठ आठवड्यांत कोणतीही संस्था तुलनात्मक अभ्यास करू शकत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखं ते होतं. ज्यांचा मसुदा दोन वर्षं आधीच छापून तयार असतो, त्यांचंच कलम टेबलावर येतं. दुसरी खरी जागा संसदेच्या समितीत आहे. तिथला रिपोर्टर दुरुस्ती मांडतो तेव्हा डाव्या रकान्यात आयोगाचा मजकूर, उजव्या रकान्यात आपला. ज्या संस्था अभिप्राय याच दोन रकान्यांत देतात त्यांचं काम पुढे सरकतं. ३० पानी निबंध पाठवणाऱ्यांचं वाचलं जातं, वापरलं जात नाही.

पुर्जा

उत्पादन-दायित्वाचं उदाहरण या वेळापत्रकात चपखल बसतं.

जुना डायरेक्टिव्ह १९८५ चा, क्रमांक ८५/३७४. त्यात ‘उत्पादन’ म्हणजे जंगम वस्तू, आणि वीज. सॉफ्टवेअर त्यात येतं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद. शिवाय वस्तू बाजारात आणली त्या क्षणी सदोष होती का, एवढंच पाहिलं जाई. अपडेटने बिघडलेल्या यंत्राला ते माप लागूच पडत नाही.

व्हिएन्नाच्या संस्थेने २०२१ मध्ये डिजिटल काळासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२२ मध्ये सुधारित डायरेक्टिव्हचा कलमवार मसुदा. आयोगाचा प्रस्ताव आला २८ सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे मसुदा प्रस्तावाच्या मागून धावला नाही, आधी हजर होता. नवा डायरेक्टिव्ह २०२४/२८५३ हा २३ ऑक्टोबर २०२४ चा. सदस्य देशांना ९ डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपल्या कायद्यात आणायचा आहे, आणि त्या तारखेनंतर बाजारात आलेल्या उत्पादनांनाच तो लागू.

कुठलं वाक्य कुणाच्या मसुद्यातून आलं याचा दावा मी करणार नाही. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाचा २०१९ चा अहवालही होताच. पण बदल काय झाले ते मराठी वाचकाने समजून घ्यावं, कारण पुण्या-पिंपरीत युरोपसाठी सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बनवणारे पुष्कळ आहेत.

सॉफ्टवेअर हे उत्पादन ठरलं. व्यवसायाबाहेर मोफत दिलेलं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वगळलं आहे. ‘सुटा भाग’ या व्याख्येत अमूर्त गोष्टही आली, त्यामुळे ब्रेकच्या नियंत्रकातलं सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी सुट्या भागाची उत्पादक म्हणून थेट जबाबदार धरली जाऊ शकते. उत्पादक युनियनबाहेर असला तर आयातदार आणि अधिकृत प्रतिनिधी यांच्यावर दावा चालतो. तेही नसतील तर माल साठवून-पाठवून देणाऱ्या सेवेवर. हे आयातदार पुढे करारातून भार मागे तुमच्याकडे ढकलणार, हे गृहीत धरा. उत्पादनावर कंपनीचं नियंत्रण चालू असताना सुरक्षेचं अपडेट दिलं नाही, तर ‘विकताना माल चांगला होता’ हा बचाव चालत नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठीची ५०० युरोची खालची मर्यादा गेली. विदा (डेटा) नष्ट किंवा भ्रष्ट होणं हेही नुकसान धरलं, धंद्यासाठी वापरलेली विदा सोडून.

आणि पुरावा. न्यायालयाने मागितलेली कागदपत्रं प्रतिवादीने दिली नाहीत तर दोष होता असंच धरलं जाईल. तांत्रिक गुंतागुंतीमुळे पीडिताला सिद्ध करणं कमालीचं अवघड असेल, तर त्याने संभाव्यता दाखवणं पुरे. म्हणून चाचणीच्या नोंदी, आवृत्तींचा इतिहास, कोणतं अपडेट कधी गेलं याची वही आत्तापासून ठेवा. दहा वर्षं तरी; काही शारीरिक इजांचे परिणाम उशिरा दिसतात, त्यांना मुदत २५ वर्षांपर्यंत आहे.

हिशेबतपासनीस

सगळं मान्य करूनही एक कळीचा प्रश्न. या संस्थांना ‘स्वतंत्र’ म्हणायचं कशाच्या जोरावर? व्हिएन्नाच्या संस्थेला युनियनकडून अनुदान मिळतं. सामायिक चौकटीच्या मसुद्याला आयोगाचा पैसा. माक्स प्लांक संस्थांचा मूळ निधी जर्मन संघराज्य आणि राज्यं निम्मा-निम्मा देतात. त्यात तीच माणसं संस्थेच्या प्रकल्पात आणि तीच आयोगाच्या तज्ज्ञगटात. ज्याने आधी मसुदा लिहिला तोच नंतर आयोगाला तो मसुदा चांगला असल्याचं सांगणार. याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. शिवाय कामाची भाषा इंग्रजी, त्यामुळे पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या देशांतल्या वकिलांचा आवाज क्षीण.

तळटीप (धागाकर्ता)

माणसांच्या सरमिसळीचा आणि भाषेचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो गंभीर आहे. उपाय एकच दिसतो: प्रत्येक मसुद्यावर कोण कोणत्या भूमिकेत होतं ते छापणं, आणि देशवार टिपा त्या-त्या देशात वकिली करणाऱ्याकडून लिहून घेणं. रिपोर्टरच्या सहायकाने इंग्रजी पुस्तकं चाळून केलेली टीप लगेच ओळखू येते. त्यात कायद्याचं कलम असतं, निकाल नसतात.

पैशाबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. पैसा कुठून येतो यापेक्षा तो थांबवण्याची ताकद विषयाच्या निवडीवर चालते का, हे बघावं. माक्स प्लांकचा निधी एका अभ्यासासाठी येत नाही, संस्थेसाठी येतो. संशोधनाचा विषय संचालक ठरवतात. निविदा काढून मागवलेल्या अभ्यासात प्रश्न आयोग ठरवतो, मुदत तोच ठरवतो, पानंही तोच ठरवतो. अशा कामात उत्तर प्रामाणिक असलं तरी प्रश्न बदलता येत नाही. ‘हा कायदाच करू नका’ हे वाक्य त्या अभ्यासात लिहायला जागा नसते.

लोझानची स्विस तुलनात्मक कायदा संस्था तिसऱ्या प्रकारची. १९८२ पासून चालू, संघराज्याची संस्था, पण न्यायालयांना, वकिलांना आणि खाजगी पक्षांनाही परदेशी कायद्यावर अभिमत देते. तिथे मसुदा नाही, शिफारस नाही. अमुक देशात आज कायदा काय आहे एवढंच. सुधारणेआधी हे काम व्हावं लागतं, आणि ते सगळ्यात कमी चमकदार आहे.

विदागार

थोडक्यात भर. व्हिएन्ना आणि अमेरिकन संस्थेने मिळून केलेली विदा-अर्थव्यवस्थेची तत्त्वं २०२१ ची. त्यातली कामाची कल्पना म्हणजे ‘सह-निर्मित विदा’. ट्रॅक्टर शेतात फिरतो, संवेदक ओलावा आणि इंधन नोंदतात. ही विदा कुणाची? मालकी शोधत बसलो तर उत्तर मिळत नाही. तत्त्वं विचारतात, विदा तयार होण्यात कुणाचा कसला वाटा: यंत्र कुणाचं, काम कुणाचं, संवेदक कुणी बनवला, गोळा कुणी केली. वाटा असेल त्याला पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, काही वापर थांबवायला लावण्याचा हक्क मिळू शकतो.

युनियनच्या डेटा अॅक्टमध्ये, म्हणजे रेग्युलेशन २०२३/२८५४ मध्ये, मालकीचा शब्द टाळला आहे आणि विदा किमान दोघांच्या कृतीतून जन्मते असं प्रास्ताविकात म्हटलं आहे. १२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. ट्रॅक्टरवाला आपली विदा मागू शकतो आणि तिसऱ्या दुरुस्तीवाल्याला द्यायला लावू शकतो. तिच्यावरून प्रतिस्पर्धी ट्रॅक्टर बनवायला मात्र मनाई.

मांडवीतीर

वारसाहक्काबद्दल कोणी लिहील का? गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला गेलेले खूप आहेत, आणि जर्मनीत स्थायिक झालेले मराठी लोकही. तिथल्या कायद्यात या संस्थांचा हात होता का?

वारसनोंद

होता, आणि कागदावर दिसतो. आयोगाने जर्मन नोटरी संस्थेकडून देशोदेशींच्या वारसा-नियमांचा अभ्यास करून घेतला, २००२ मध्ये तो पूर्ण झाला. प्रस्ताव आला ऑक्टोबर २००९ ला. हॅम्बर्गच्या माक्स प्लांक संस्थेने २०१० मध्ये त्यावर सुमारे दोनशे पानांचं कलमवार भाष्य छापलं. रेग्युलेशन ६५०/२०१२ झालं ४ जुलै २०१२ ला, आणि १७ ऑगस्ट २०१५ पासून होणाऱ्या मृत्यूंना लागू आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. ब्रिटन सदस्य असतानाही नव्हता.

मूळ नियम: मरताना ज्या देशात नेहमीचं वास्तव्य, त्या देशाचा कायदा संपूर्ण मालमत्तेला, स्थावर आणि जंगम दोन्हीला. अपवाद: मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. इथे शब्द नीट वाचा: निवड करतानाचं किंवा मृत्यूसमयीचं राष्ट्रीयत्व. म्हणजे म्युनिकमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आज भारतीय कायदा निवडला आणि पाच वर्षांनी जर्मन पासपोर्ट घेतला, तरी निवड टिकते. पासपोर्ट आधी घेतला आणि हातात फक्त ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड उरलं, तर भारतीय कायदा निवडता येत नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे.

भारतीय कायदा निवडला तर तो कोणता, हा पुढचा प्रश्न. हिंदू वारसा कायदा १९५६, की १९२५ चा भारतीय वारसा कायदा, की गोव्याचा? कलम ३६ आणि ३७ सांगतात की हे भारताच्याच अंतर्गत नियमांनी ठरवा. त्यामुळे मृत्युपत्रात नुसतं ‘भारतीय कायदा’ न लिहिता आपल्याला कोणता कायदा लागू होतो तेही नोंदवलेलं बरं; जर्मन न्यायाधीशाला ते शोधायला महिने जातात. आणि भारतातल्या जमिनीला, फ्लॅटला भारतीय न्यायालयं भारतीय कायदाच लावतात, तिथे म्युनिकमधला कागद काही म्हणो.

मांडवीतीर

आणि पोर्तुगीज पासपोर्टवाला गोंयकार इंग्लंडमध्ये वारला, घर लिस्बनला असेल तर?

वारसनोंद

मालमत्ता पोर्तुगालमध्ये आणि माणूस पोर्तुगीज नागरिक, म्हणून कलम १० खाली पोर्तुगीज न्यायालयाला सगळ्या वारशावर अधिकार मिळतो. कायदा मात्र वास्तव्याचा, म्हणजे इंग्लंडचा. इंग्लिश कायदा स्थावराबाबत जिथे घर तिथल्या कायद्याकडे बोट दाखवतो, आणि कलम ३४ ते मान्य करतं. लिस्बनच्या घराला पोर्तुगीज कायदा, बँकेतल्या पैशाला बहुधा इंग्लिश, अशी फाळणी होते. ती नको असेल तर मृत्युपत्रात पोर्तुगीज कायदा स्पष्ट निवडावा. निवड केली की कलम ३४ चा हा परतीचा रस्ता बंद होतो.

गोव्यातल्या घराचा हिशेब वेगळा. पोर्तुगालने आपली १८६७ ची नागरी संहिता १९६६ मध्ये नव्या संहितेने बदलली. गोव्यात जुनी तशीच राहिली, आणि वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहे, जो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. त्यामुळे लिस्बनचा नोटरी ‘पोर्तुगीज संहिता’ म्हणतो तेव्हा तो १९६६ ची म्हणतोय, आणि मडगावचे वकील म्हणतात तेव्हा १८६७ ची. दोघांच्या कागदांत साल लिहून घ्या. युरोपीय वारसा-प्रमाणपत्र काढणार असाल तर त्याच्या प्रमाणित प्रतीची मुदत सहा महिने असते, म्हणून बँकेची आणि भूमी-नोंदणीची कागदपत्रं तयार झाल्यावरच ती मागा.